इंजिन ऑइल कधी बदलायचं? गाडीचा सरासरी वेग बघून ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी २०२३ची, छोटं टर्बो पेट्रोल इंजिन, कोथरूडहून ऑफिस ६ किलोमीटर आणि तेवढ्याला पंचवीस मिनिटं लागतात. सर्व्हिस सेंटर म्हणतं १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो ५,०००लाच बदला. जर्मनीतला मावसभाऊ म्हणतो, आमच्याकडे ३०,०००पर्यंत कोणी हात लावत नाही. तर ऐकायचं कोणाचं?

तुमच्या वापरासाठी मेकॅनिकचा आकडा जास्त बरोबर आहे. मात्र तो जे कारण देतो ते बहुधा जुन्या गाड्यांचं असतं. खरं कारण समजलं तर पुढे गाडी, गाव किंवा नोकरी बदलली तरी तुमचा आकडा तुम्हीच काढू शकाल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बरीच वर्षं पिंपरी-चिंचवड पट्ट्यात इंजिन टेस्टिंगमध्ये काम केलं आहे. टेस्ट बेडवर इंजिन एका जागी बांधलेलं असतं, त्यामुळे तिथे किलोमीटर हा प्रकारच नसतो. सगळा हिशेब तासांचा. ठरावीक तासांनी ऑइलचा नमुना काढायचा, त्याचा घट्टपणा मोजायचा, त्यात लोखंडाचे कण किती आले, पेट्रोल किती मिसळलं, आम्ल मारण्याची ताकद किती उरली हे तपासायचं. ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. त्याच्या मीटरवर तास असतात आणि ऑइल तासांवरच बदललं जातं. कारला मात्र आपण किलोमीटर लावतो. कंपनीने दिलेला किलोमीटरचा आकडा एका ठरावीक प्रकारचं चालवणं गृहीत धरून काढलेला असतो, आणि पुण्या-मुंबईत तेच गृहीतक कोसळतं.

आकडे मांडून बघा. सोलापूर रोडला ताशी सरासरी ६० किलोमीटरने चालणारी गाडी १०,००० किलोमीटर पूर्ण करते तेव्हा इंजिन १६७ तास चाललेलं असतं. तुम्ही ६ किलोमीटरला २५ मिनिटं घेता, म्हणजे ताशी साधारण १४. तुमचे १०,००० किलोमीटर होईपर्यंत इंजिन ७०० तासांच्या आसपास गेलेलं असेल. ओडोमीटरवर आकडा तोच, पण ऑइलने चौपट काम केलेलं. तुम्ही ५,०००ला बदललंत तरी तुमच्या इंजिनाचे तास त्या हायवेवाल्याच्या दुपटीहून जास्त भरतात.

आणि तुमचे तास जास्त तर आहेतच, शिवाय ते वाईट प्रतीचे आहेत. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा पाच-सहा मिनिटांत मध्यावर येतो, पण तो कूलंटचा काटा आहे. चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठलेलं ऑइल पूर्ण तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि ६ किलोमीटरच्या फेरीत ते होतच नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यातला बहुतेक भाग सायलेन्सरमधून जातो, थोडा पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलमध्ये उतरतो. इंजिन थंड असताना पेट्रोलही जास्त सोडलं जातं आणि त्याचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये झिरपतो. तुमच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असेल, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन असेल, तर हे प्रमाण आणखी वाढतं. ऑइल चांगलं तापलं की पाणी आणि पेट्रोल दोन्ही उडून जातात. तापलंच नाही तर ते साठत राहतात. ऑइल पातळ होतं, आम्ल तयार होतं आणि शेवटी झाकणाखाली व व्हॉल्व्हच्या आजूबाजूला काळा लगदा धरायला लागतो.

टर्बोचं दुखणं उलट्या टोकाचं. त्याची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि तिच्या बेअरिंगला आधार फक्त ऑइलच्या पापुद्र्याचा. घाट चढून आल्या आल्या गाडी बंद केली तर तिथलं ऑइल जागच्या जागी भाजतं आणि त्याचा कोळसा नळीत बसतो. म्हणून अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवून मग बंद करा.

आता मेकॅनिकबद्दल. पद्मिनी, अँबेसेडर, मारुती ८०० या गाड्या कार्बोरेटरच्या, त्यात २०डब्ल्यू-४०सारखं खनिज तेल. चोक ओढून गाडी सुरू केली की पेट्रोल ऑइलमध्ये उतरणार हे ठरलेलंच. तेव्हाचे ५,००० योग्यच होते. आजची इंजिनं जास्त नेमकी आहेत आणि ऑइलही कितीतरी सुधारलं आहे. २०२०मध्ये आलेल्या एपीआय एसपी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेल्या) दर्जाच्या ऑइलमध्ये टर्बो इंजिनांतला अवेळी होणारा स्फोट रोखणं आणि टायमिंग चेनची झीज कमी करणं या दोन्हींसाठी चाचण्या आहेत. तरीही सिंथेटिक म्हणजे अमर नव्हे. मूळ तेल टिकतं, पण त्यातली आम्ल मारणारी आणि मळ धरून ठेवणारी रसायनं खर्च होत जातात. ती संपली की बाटलीवर काय छापलं होतं याला अर्थ उरत नाही.

मावसभाऊही खोटं बोलत नाही. फोक्सवॅगनच्या युरोपातल्या लाँगलाइफ पद्धतीत ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत मुभा असते. पण त्यासाठी कंपनीने मान्य केलेलं खास ऑइल लागतं, आणि गाडी स्वतः वापर बघून मुदत कमी करते. त्याच समूहाच्या भारतातल्या गाड्यांना वेळापत्रक १५,००० किलोमीटर किंवा एक वर्षाचं आहे. मारुती, ह्युंदाई, होंडाच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किंवा एक वर्ष.

सर्व्हिस सेंटरचं म्हणाल तर ते मॅन्युअलमधलं पहिलं कोष्टक वाचून दाखवतात. दुसरंही एक असतं, तेही वाचा. मॅन्युअलच्या देखभालीच्या प्रकरणात खडतर वापरासाठी वेगळी सूचना असते: जवळच्या छोट्या फेऱ्या, सतत थांबत-चालत जाणारी वाहतूक, धूळ, बराच वेळ इंजिन नुसतं चालू ठेवणं. अशा वापरात मुदत बऱ्याचदा निम्म्यावर येते. कोथरूड ते ऑफिस हा प्रवास या यादीशी तंतोतंत जुळतो. आपल्या शहरांतला जवळजवळ प्रत्येक गाडीवाला खडतर वापरात मोडतो आणि त्याला साध्या वापराचं कोष्टक सांगितलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मोठ्या मुदतीमुळे वार्षिक खर्च कागदावर कमी दिसतो आणि गाडी विकायला सोपी जाते. वॉरंटीच्या काळात इंजिन सहसा काही बोलतही नाही. बोलतं ते ७०-८० हजारांनंतर. तेव्हा ऑइल खायला लागतं, चेन वाजायला लागते, आणि इंजिनाचं काम काढायचं तर खर्च लाखाच्या घरात जातो. मधल्या एका ऑइल बदलाला तीन-चार हजार लागतात.

मी स्वतः वापरतो तो हिशेब सांगतो. हा कुठल्या कंपनीचा नाही, माझा आहे. ऑइल बदललं की ट्रिप बी, म्हणजे डॅशबोर्डवरचा दुसरा ट्रिप मीटर, शून्य करायची आणि पुढच्या बदलापर्यंत तिला हात लावायचा नाही. बहुतेक नव्या गाड्या त्या ट्रिपचा सरासरी वेग दाखवतात. तो वेग गुणिले ३५०, एवढ्या किलोमीटरला टर्बो पेट्रोलचं ऑइल बदलायचं. ताशी १४ असेल तर ४,९००. ताशी २५ असेल तर ८,७५०. ताशी ४५ असेल तर उत्तर १५,०००च्या वर येतं, पण कंपनीची मुदत कधीच ओलांडायची नाही, किलोमीटरचीही नाही आणि महिन्यांचीही नाही. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनाला मी ३५०ऐवजी ४०० धरतो. काही गाड्यांत ट्रिपचा वेग ठरावीक तासांनी आपोआप शून्य होतो, तिथे एखाद्या नेहमीच्या महिन्याचा वेग घ्या.

तुम्ही दर महिन्याला गावी जात असाल, सातारा म्हणा किंवा नाशिक, तर सरासरी वेग आपोआप वाढेल आणि ऑइलही नीट तापून निघेल. मग ६-७ हजारांपर्यंत जायला हरकत नाही. जात नसाल तर ५,००० किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. वर्षात तीनच हजार झाले म्हणून तेच ऑइल दुसऱ्या वर्षी ओढू नका. कमी चाललेल्या शहरी गाडीचं ऑइल बऱ्याचदा जास्त बिघडलेलं असतं, कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तर नक्कीच.

ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच. ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल तर ०डब्ल्यू-२०. "आपल्या उन्हात एवढं पातळ ऑइल टिकत नाही, जाड टाका" हे नागपूर-चंद्रपूरकडे फार ऐकू येतं. बाहेर ४५ अंश असो वा २५, थर्मोस्टॅट कूलंटला ९० अंशांच्या आसपास ठेवतो आणि तापलेलं ऑइल त्याच्या जवळपास किंवा वर असतं. इंजिनाला बाहेरचं ऊन तुमच्याइतकं जाणवत नाही. जाड ऑइलने व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आळसावते आणि सुरू करतानाच्या पहिल्या काही सेकंदांत ऑइल वर पोचायला उशीर लागतो. मॅन्युअलने दोन ग्रेड दिले असतील तर त्यातला जाड घ्यायला हरकत नाही.

रंगावरून ठरवू नका. ऑइल काळं होतं कारण ते मळ धरून ठेवतं, तेच त्याचं काम. डिझेलमध्ये तर काहीशे किलोमीटरमध्ये काळं होतं. त्यापेक्षा पंधरवड्याला डिपस्टिक बघा, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. पातळी खाली गेली तर ऑइल जळतंय किंवा गळतंय. पातळी वर चढली तर जास्त काळजी करा: ऑइलमध्ये बहुधा इंधन मिसळतंय. २०२०नंतरच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत हे विशेष दिसतं. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ करण्यासाठी जादा डिझेल सोडलं जातं, आणि शहरात ती सफाई अर्धवट राहिली की त्यातलं काही डिझेल चेंबरमध्ये उतरतं. पातळी कमाल खुणेच्या वर गेली तर किलोमीटर कितीही झालेले असोत, ऑइल बदला. या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, दुसरं टाकलं तर त्याच्या राखेने डीपीएफ भरतो.

बदलताना ऑइल फिल्टर नवा हवाच, ड्रेन प्लगचा वॉशरही. सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा. इंजिन फ्लश आणि ऑइल ट्रीटमेंट या नावाखाली बिलात हजार-बाराशे घालतात, ते स्पष्ट नाकारा. वेळच्या वेळी ऑइल बदलणाऱ्या गाडीला त्यांची गरज नाही, आणि लगदा झालेल्या इंजिनात फ्लशने सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसू शकतो. मधला बदल बाहेर केलात तर ग्रेड लिहिलेलं बिल जपून ठेवा, आणि कंपनीची ठरलेली सर्व्हिस त्यासाठी चुकवू नका.

जुनं ऑइल गॅरेजवाला गटारात ओतत नाही ना, हेही तिथेच विचारा. आपल्याकडे ते सेंट्रिंगच्या प्लेटांना आणि वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात. ते घातक कचऱ्यात मोडतं. एप्रिल २०२४पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी ते बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली गेली आहे. जो गॅरेजवाला जुनं ऑइल पिंपात साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याला देतो, त्याच्याकडेच गाडी न्या.