शब्दांची चावडी : अराजक, चोरांचं राज्य आणि लूट

प्रश्न : ताई, मी धुळ्याला अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करतेय. अनार्की, क्लेप्टोक्रसी, काकिस्टोक्रसी, मॉबोक्रसी, क्लासच्या नोट्समधे सगळ्यांपुढे 'अराजक' एवढंच लिहिलंय. हे सगळं एकच का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : अजिबात नाही गं, आणि असल्या नोट्स बघून मला खरंच राग येतो, कारण पोरं हेच पाठ करतात. खुर्चीकडे बघ आधी. खुर्ची रिकामी असेल तर अनार्की, ग्रीकमधे 'अन' म्हणजे नाही आणि 'आर्खोस' म्हणजे प्रमुख, म्हणजे आपल्या अराजकचीच घडण, तिथे तो शब्द चपखल बसतो. क्लेप्टोक्रसीत खुर्ची रिकामी नसते, तिच्यावर चोर बसलेला असतो, 'क्लेप्टेस' म्हणजे चोर, क्लेप्टोमेनिया ऐकलंयस ना, तेच मूळ. आणि इथे गोंधळ दिसेलच असं नाही बरं का, टेंडर वेळेवर निघतं, सह्या होतात, शिक्के बसतात, बिलं पास होतात, फाईल एकदम चकाचक, फक्त पैसा ठरलेल्या घरी जातो. त्याला अराजक म्हटलं की चोर सुटतो ना, सगळा दोष गोंधळावर जातो.

काकिस्टोक्रसी म्हणजे सगळ्यात नालायक माणसांचं राज्य. 'काकिस्टोस' म्हणजे वाईटातलं वाईट. इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांची लढाई चालू होती तेव्हा, १६४४ मधे, ऑक्सफर्डच्या एका प्रवचनात हा शब्द आलाय, इतका जुना. मॉबोक्रसीला आपल्याकडे झुंडशाही आहेच. त्यातला 'मॉब' म्हणजे लॅटिन 'मोबिले वुल्गुस', घडीत इकडे घडीत तिकडे होणारा जमाव, त्याचं सतराव्या शतकात इंग्रजांनी तोडून मॉब केलं, आणि लेखक जोनाथन स्विफ्टला ही तोडमोड बिलकुल आवडत नव्हती.

आपले शब्दपण वहीत लिहून ठेव, बेबंदशाही, अंदाधुंदी, मोगलाई, पेंढारशाही. शेवटचा तर आपल्या खानदेशानं अंगावर सोसलाय, १८१८ ला इंग्रज आले त्याआधी पेंढाऱ्यांनी इथली गावंच्या गावं उजाड केली होती.

प्रश्न : आमची आजी टीव्हीवरच्या बातम्या बघून म्हणते, "आंधयं दयस नि कुत्रं पीठ खास." याला इंग्रजीत एक शब्द आहे का?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : मिसरूल जवळ जातो, म्हणजे गलथान कारभार, कागदोपत्री भाषेत मॅलअ‍ॅडमिनिस्ट्रेशन. म्हणजे दळणारा चोर नाही, राबतोय बिचारा, पण बघणारं कोणी नाही. आजीचं वाक्य जास्त नेमकं आहे, तेच वापरा.

प्रश्न : नातवाच्या इंग्रजी डिक्शनरीत 'लूट' आणि 'ठग' सापडले. हे आपले का त्यांचे?
– निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : सर, आपल्याकडचेच, हिंदीतून गेले, डकैतसुद्धा. ठग तर १८३० च्या दशकात कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं ठगांविरुद्ध मोहीम काढली तेव्हा तिकडे घरोघरी पोचला. पण नातवाला एक सांगा, तिकडे गेल्यावर अर्थ बदललाय, इंग्रजीत ठग म्हणजे मारामारी करणारा गुंड, आपला ठग गोड बोलून गंडवतो, हात उचलेलच असं नाही. त्यामुळे इंग्रजी बातमीचं भाषांतर करताना तिथे सरळ गुंड लिहायचं.

लूट मात्र जशीच्या तशी राहिली. मागे सावद्याकडून रावेरला जाताना केळीचा ट्रक पलटी झालेला बघितला मी, दहा मिनिटात कुठून कुठून लोक आले, कोणी गोणी घेऊन, कोणी ओढणीत, एकानं तर मोटारसायकलवर पुढे-मागे घड बांधले, आणि त्यात एरवी रस्त्यात भेटलं की नमस्कार करणारी माणसंपण होती. ड्रायव्हर पोरगा रस्त्याच्या कडेला दगडावर बसला होता, कपाळातून रक्त येत होतं, तो नुसता म्हणत होता, "भाऊ, मालक पगारातून कापतील ना." त्याला पाणी मी दिलं, तोवर कोणी दिलं नव्हतं.