पिल्लाला आनुवंशिक आजार निघाला तर ब्रीडरला जबाबदार धरायचं का?

तुमचा लॅब्रॅडॉर पाच वर्षांचा होता होता अंधारात अडखळू लागला, डॉक्टरांनी पीआरए, म्हणजे दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार असल्याचं सांगितलं, आणि ब्रीडर म्हणतोय, "आईबाप ठणठणीत आहेत, माझा काय दोष?" मी स्वतः लॅब्रॅडॉरची पैदास करते, तेव्हा जरा स्पष्टच लिहिते.

आईबाप ठणठणीत असतीलही, पण त्याने काही सिद्ध होत नाही. या जातीत आढळणारा पीआरसीडी हा पीआरएचा प्रकार अप्रभावी जनुकामुळे होतो, म्हणजे आईबाप दोघांकडून सदोष प्रत आली तरच आजार होतो. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला कुत्रा वाहक. त्याला या आजाराचा त्रास कधीच होत नाही. दोन वाहकांचं मेटिंग झालं, की प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. त्यातून लक्षणं दिसायला लागतात तोवर मादीची एकदोन वेतं उरकलेलीही असतात. म्हणून नुसतं डोळ्यांकडे बघून जोडी ठरवण्यात अर्थ नसतो. डीएनए चाचणी मात्र आहे, गालाच्या आतल्या नमुन्यावर होते आणि आयुष्यात एकदाच करावी लागते. ती असताना केली नाही, तर "मला माहीत नव्हतं" हे उत्तर मी मानत नाही. त्याने माहीत करून घेणं टाळलं.

हाच न्याय सगळ्या आजारांना लावू नका. खुब्याच्या डिसप्लेसियामागे, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसण्यामागे, अनेक जनुकं असतात, शिवाय वजन, वाढीचा वेग, व्यायाम. चांगले एक्स-रे असलेल्या जोडीलाही बाधित पिल्लू होतं. तिथे मी एवढंच विचारेन, की एक्स-रे काढले होते का आणि तुम्हाला दाखवले का.

आता चिडलेले मालक म्हणतात, सगळे वाहक पैदाशीतून बादच करा. मला हे पटत नाही. वाहकाची जोडी तपासलेल्या निर्दोष कुत्र्याशी लावली तर एकही पिल्लू या आजाराने बाधित होत नाही. उलट सरसकट बाद करत गेलं की जात आकुंचन पावते आणि दुसरंच काहीतरी वर येतं. डाल्मेशियनमध्ये तर युरिक ॲसिड वाढवणारा, मूतखडे करणारा दोष जवळपास अख्ख्या जातीत भिनला होता. आनुवंशिकीतज्ज्ञ रॉबर्ट शाइबल यांनी 1973 मध्ये एकदाच पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी संकर करून निर्दोष जनुक परत आणलं. अमेरिकन केनेल क्लबने त्या वंशाला कायमची मान्यता द्यायला 2011 उजाडलं. शुद्ध रक्ताचा हट्ट दुसरं काय! इथे एकट्यादुकट्या ब्रीडरला काय बोलणार? आणि स्कॉटिश फोल्ड मांजराचे कान दुमडणारं जनुकच सांध्यांची कूर्चा बिघडवतं, त्यामुळे त्या कानांसाठी केलेली पैदास मला समर्थनीय वाटतच नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी कुत्र्याची डीएनए चाचणी करून घ्या, कारण पीआरएचे इतरही प्रकार आहेत. पीआरसीडी निघाला, तर दोन्ही आईबापांत सदोष जनुक आहे हे त्यातच आलं. तो अहवाल ब्रीडरला लेखी पाठवा. त्या वेतातल्या बाकीच्या पिल्लांच्या मालकांना तो कळवतो का आणि ही जोडी थांबवतो का, यावरून मी त्याला जोखेन. पैसे परत करून पुढच्या माजाला तीच जोडी लावणारा माझ्या लेखी बेजबाबदारच. तुमच्या कुत्र्याची नसबंदी झाली नसेल, तर एक लक्षात घ्या: बाधित नराच्या प्रत्येक पिल्लात सदोष जनुकाची एक प्रत जाते, त्यामुळे "फक्त एकदा" म्हणून मेटिंगसाठी विचारणाऱ्यालाही हा अहवाल दाखवावा लागेल.