आई दिवसभर विणत बसते, कुणाशी बोलत नाही, डिप्रेशन असेल का?

मी जळगावात समुपदेशन करते, तिथली गेल्या उन्हाळ्यातली केस आहे. नाव, घरातली माणसं, बारीकसारीक तपशील सगळे बदललेत, आणि ज्यांची गोष्ट आहे त्या काकूंना विचारूनच लिहितेय, त्या म्हणाल्या लिही, पण माझी लोकर महाग होती हेही लिही. तर लिहिलं.

फोन पुण्याहून आला होता. मुलगा आयटीत, आवाजावरूनच थकलेला. म्हणाला मॅडम, आई भुसावळला असते, 67 वय, वडील जाऊन दोन वर्षं झाली, भाऊ-वहिनी सोबत आहेत, खायला-प्यायला काही कमी नाही, पण गेलं वर्षभर ती कुणात मिसळतच नाही. सकाळी खिडकीत बसते, विणते, नाहीतर मांडीवर पुस्तक. भजनी मंडळ सोडलं, लग्नाला येत नाही, हळदीकुंकवाला येत नाही. "आणि मॅडम, मे महिन्यात लोकर! भुसावळला 45 डिग्री चालूये आणि ही स्वेटर विणतेय. नॉर्मल आहे का हे?"

हा प्रश्न मला सारखा येतो, फक्त विणकामाच्या जागी कधी टीव्ही असतो, कधी जपमाळ, कधी मोबाईलवरची प्रवचनं. वडील नुसते बसून असतात, आई गप्प झालीय, आणि मुलं लांबच्या शहरातून गुगल करून डिप्रेशन हा शब्द घेऊन येतात. चूक नाही त्यांची, काळजीच असते. शिवाय बऱ्याचदा ते खरंही निघतं.

वहिनी काकूंना जळगावला घेऊन आली. काकूंच्या हातात कापडी पिशवी, त्यातून सुयांची टोकं बाहेर. बसल्या बसल्या म्हणाल्या, "मले काय झालं माय? पोरगं उगाच घाबरतं." मी म्हटलं बरं, पण मे महिन्यात लोकर कशी काय? तर माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच पेशंट आहे. "थंडीत घालायचं तर आत्ताच हातात घ्यावं लागतं. डिसेंबरात टाके घातले तर होळीला तयार होईल." नातवाचा स्वेटर होता, सहा वर्षांचा नातू, थंडीपर्यंत दोन इंच वाढेल असं धरून टाके घातलेले. लांब बाह्यांचा, नेव्ही ब्लू, बॉर्डरला 10 नंबरच्या सुया आणि वर 8 नंबर. (सुयांचं उलटं असतं, नंबर मोठा तेवढी सुई बारीक. माझी आई विणायची म्हणून मला एवढंच माहीत.)

म्हणजे उन्हाळ्यात लोकर हा मुद्दा पहिल्या पाच मिनिटांत निकालात निघाला. जी बाई सहा-सात महिने पुढची थंडी आणि पोराची उंची धरून टाके घालते तिला पुढचं काहीच दिसत नाही असं म्हणता येत नाही. हे मला तेव्हाच जास्त जोरात कळायला हवं होतं.

मी काय केलं, तर नेहमीचं केलं. आमच्याकडे पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची चाचणी असते, गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, झोप, भूक, थकवा वगैरे, प्रत्येकाला 0 ते 3 मार्क, एकूण 27. 10 किंवा त्याहून जास्त आले की आम्ही लक्ष घालतो. फॉर्म पुढे केला तर काकू म्हणाल्या तूच वाच, मी सांगते. मी वाचला. त्यात सातवा प्रश्न असा की पेपर वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागत नाही असं होतं का. काकू म्हणाल्या हो, रोजच. मी 3 मार्क टाकले. बेरीज 11 आली आणि मी मनात म्हटलं, चला, मुलगा बरोबर होता.

पुढची दोन सेशन्स मी नवरा गेल्याच्या दुःखावर घालवली. काकू उत्तरं द्यायच्या, सभ्यपणे. वहिनीशी वेगळं बोलले तर तिची स्वतःची यादी तयार होती. पहिल्यासारखं तांदूळ निवडत नाहीत, हट्टाने भांडी घासायला घेतात आणि साबण तसाच ठेवतात, मी काही बोलले की खिडकीत जाऊन बसतात. "ताई, माझ्यावर राग आहे त्यांचा. विणतात काय आणि रात्री सगळं उसवतात काय, मी बघते ना."

उसवतात हे ऐकून तर मी खूशच झाले, खरं सांगते. तीन आठवड्यांत स्वेटरची पाठ वीतभरच होती, वाढतच नव्हती. मी वहीत काहीतरी फार सुंदर वाक्य लिहून ठेवलं, दुःख उसवणं वगैरे. परवा वही चाळताना दिसलं, पान फाडावंसं वाटलं.

त्यापुढच्या वेळेला लाइट गेलेली. जूनच्या सुरुवातीचा घाम, पंखा बंद, आम्ही खिडकीजवळ सरकलो. पिशवीत पुस्तक होतं, बहिणाबाईंची गाणी, जुनी प्रत, कव्हरला वर्तमानपत्र. आमच्या भागात घरोघरी असतं ते, बहिणाबाई इथल्याच, आसोद्याच्या. मी म्हटलं काकू, सध्या हेच वाचताय ना, मग तुमच्या आवडीचं एखादं वाचून दाखवा. त्यांनी पुस्तक उघडलं, डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणायला लागल्या. इतकं छान म्हटलं, ठेक्यात, एक शब्द इकडेतिकडे नाही. मधे पानही उलटलं. आणि मी सहज वाकून बघितलं तर समोरचं पान अत्र्यांच्या प्रस्तावनेचं होतं. भरगच्च गद्य. कवितेची एक ओळ नाही त्यावर.

मी दोन मिनिटं काहीच बोलले नाही. मग विचारलं, "काकू, नीट दिसत नाहीये असं किती दिवस झाले?"

सुया मांडीवर ठेवल्या त्यांनी. "पोराले सांगू नको," एवढंच म्हणाल्या आधी.

दीड वर्ष. वाचनालयातून आणलेली कादंबरी वाचता येईना म्हणून परत केली आणि जे पाठ आहे ते पुस्तक हातात घेतलं, म्हणजे घरात कुणी विचारायला नको. (बहिणाबाईंना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी उतरवून ठेवलं म्हणून 1952 मध्ये पुस्तक झालं, आणि इथे ही बाई वाचता येत असून त्याच गाण्यांच्या आड लपली होती.) आधी काकू वेणीची डिझाईन विणायच्या, त्यासाठी चार टाके उचलून पुढे-मागे करायचे तर ते दिसावे लागतात, म्हणून हा स्वेटर बॉर्डरसुद्धा सगळा सुलट, दोन्ही बाजूंनी सुलट, कारण ते बोटांना येतं. पण गडद लोकरीवर एखादा टाका सुटला तर दिसणार नाही, पाच-सहा ओळी वर गेल्यावर अंगठ्याला भोक लागणार आणि मग सगळं खाली उसवत यायचं. माझ्या समोर करून दाखवलं त्यांनी, डोळे मिटून, अंगठ्याने एकेक टाका ढकलत मोजला, 72. झालं होतं ते एवढंच, मी ज्याला दुःख उसवणं म्हणत होते ते.

मग बाकीचंही सरळ होत गेलं. भजन संध्याकाळी असतं, परत येताना समोरून गाड्यांचे लाइट आले की डोळ्यांपुढे नुसतं पांढरं, रस्ता ओलांडायची भीती, म्हणून गुडघे दुखतात सांगितलं. लग्नात लांबून कोण हसलं ते ओळखू येत नाही, लोक म्हणतात गर्विष्ठ झाली. तांदळातले खडे दिसत नाहीत, भांड्यावरचा साबण दिसत नाही. आणि पेपर वाचताना लक्ष लागत नाही त्याला मी 3 मार्क दिले होते!

लपवलं का, तर आईमुळे. काकूंच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या लग्न होऊन आल्या तेव्हाच्या काळात एका शिबिरात झालं होतं, नंतर जाड भिंगाचा चष्मा, आणि एक डोळा पिकून गेलाच. ते डोक्यात पक्कं बसलेलं. शिवाय मुलांना खर्च, मुलगा सुट्टी काढून येणार, सुनेला करावं लागणार. त्यापेक्षा खिडकी बरी.

मी डॉक्टर नाही, पण एवढं सांगू शकले की तेव्हा डोळ्यातलं भिंग काढून टाकायचे आणि आत दुसरं बसवायचे नाहीत, म्हणून तो सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागायचा. आता छोट्या छेदातून गढूळ झालेलं भिंग फोडून काढतात आणि तिथेच कृत्रिम भिंग ठेवतात, अर्ध्या तासाच्या आतलं काम, बहुतेक जण त्याच दिवशी घरी. सरकारी दवाखान्यात अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून, जो 1976 पासून चालू आहे, हे फुकट होतं. धोका शून्य नसतो, तेही सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "विणता कधी येईल?" हा प्रश्न मी डॉक्टरांसाठी चिठ्ठीत लिहून दिला.

मुलाला त्यांनीच फोन केला, माझ्या समोर. तो रडला, मग चिडला, मग तिकीट काढलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूच सांगितला. ऑपरेशनआधी साखर तपासली, बरी निघाली. उजवा डोळा जुलैमध्ये झाला, डावा सप्टेंबरात. महिनाभर थेंब, डोळ्यात पाणी नाही, वाकून उचलायचं नाही, आणि जवळचं वाचायला चष्मा लागलाच, कारण बसवलेलं भिंग लांबचं दिसायला होतं. हे आधी सांगून ठेवा घरच्यांना, नाहीतर ऑपरेशन फसलं असं वाटतं.

आता तुम्ही विचाराल मग डिप्रेशन नव्हतंच का. थोडं होतं. दोन्ही डोळे झाल्यावर पुन्हा तेच नऊ प्रश्न विचारले, यावेळी त्यांनी स्वतः वाचले, बेरीज 5. उरलेलं होतं ते काकांचं. लोकरीची लडी आणली की काका दोन्ही हात पुढे करून बसायचे आणि त्यांच्या हातांवरून काकू गुंडा करायच्या, आता खुर्चीच्या पाठीला अडकवून करतात. त्यावर आम्ही चार वेळा बोललो. गोळ्यांची गरज पडली नाही. दिसत नाही, ऐकू येत नाही म्हणून माणूस घरात बसतो आणि बसून बसून खरंच उदास होतो, दोन्ही एकमेकांत गुंतलेलं असतं, म्हणून मी आता साठीपुढच्या कुणालाही आधी डोळे, कान, थायरॉइड, बी-12 तपासून या म्हणते आणि फॉर्म स्वतः वाचायला लावते. पण आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, झोप-भूक गेलीय, दोन आठवडे जवळपास रोज असं आहे, तर ते वयाचं आहे म्हणून सोडू नका. आणि कुणी मरणाचं बोललं तर डोळ्यांच्या तपासणीसाठी थांबू नका, त्याच दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या, नाहीतर निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

स्वेटरचं राहिलं. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर काकूंनी पिशवीतून ती वीतभर पाठ काढली आणि बघतच राहिल्या. खालचा भाग नेव्ही ब्लू, वरचा चक्क काळा. घरातल्या जुन्या लोकरीतला एक गुंडा काळा होता, त्यांना दोन्ही सारखेच दिसायचे. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं, पण म्हटलं डिझाईन असेल, आणि बोलले असते तर अजून रागावल्या असत्या. दोघी एकमेकींकडे बघून आधी गप्प आणि मग अशा हसल्या की मला आत पाणी आणायला जावं लागलं.

मी म्हटलं छान दिसतंय की, दोन रंगी, राहू द्या आठवण म्हणून. काकूंना पटलं नाही. "असलं घालून पोराले शाळेत पाठवू?" नवा चष्मा आल्यावर सगळं उसवलं, नव्याने 72 टाके, यावेळी मधोमध वेणी.

नोव्हेंबरातली अपॉइंटमेंट त्यांनीच कॅन्सल केली. बाहीचे टाके कमी करत आणायचं चालू होतं, म्हणाल्या मधे सोडलं तर हिशोब चुकतो, आणि संध्याकाळी भजन आहे.