शौच अडलं : सकाळची वाट पाहावी की रात्रीच निघावं?

प्रश्न : माझ्या सासूबाई 70 वर्षांच्या आहेत. मागच्या महिन्यात त्यांना सहा दिवस शौचाला झालं नाही. शेवटच्या दिवशी पोट फुगलं, गॅसही सरेना. शेजारणीने एरंडेल पाजायला सांगितलं, नवरा म्हणाला दवाखान्यात नेऊ. शेवटी दवाखान्यात एनिमा दिल्यावर मोकळं झालं. गुडघेदुखीच्या आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत. पुन्हा असं झालं तर किती दिवस थांबायचं?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : ताई, हे दिवसांवर ठरत नाही. चार दिवस शौच नाही, पण गॅस सरतोय, पोट मऊ आहे, जेवण जातंय, तर दुसऱ्या दिवशी ओपीडीत दाखवलं तरी चालतं. याउलट कालपर्यंत ठीक असलेल्या माणसाचं शौच आणि गॅस दोन्ही बंद झालं, पोट नगाऱ्यासारखं ताठलं, तर एक रात्रही थांबू नये. सासूबाईंचा गॅस बंद झाला, तेव्हाच निघायला हवं होतं.

गॅस अडला म्हणजे आतड्याची वाट बंद झाल्याची शंका घ्यावी लागते. गुदाशयात मळाचा खडा अडकणं हे त्यातलं सौम्य कारण. म्हातारपणी मोठ्या आतड्याला पीळ पडतो, गाठ वाढलेली असते, क्षयाने आतडं अरुंद झालेलं असतं. पोटाचं जुनं ऑपरेशन असेल तर आतडी एकमेकांना चिकटून अडतात. जांघेतला हर्निया एरवी आत जात असेल आणि आता कडक होऊन दुखत असेल, तर आतडं तिथे आवळलंय असं समजा. आवळलेल्या किंवा पिळलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, तर ते काही तासांत मरतं.

म्हणूनच अशा वेळी एरंडेल नको. त्याने आतडं जोरात आकुंचन पावतं, पुढे वाट नसते, दाब वाढत जातो आणि आतडं फाटून मळ पोटात पसरू शकतो. इसबगोल, चूर्ण, घरचा साबणपाण्याचा एनिमा, यांतलंही काही नको.

उलटीकडे लक्ष ठेवा. आधी अन्नाची, मग हिरवी, शेवटी मळाचा वास येणारी, असा तिचा क्रम असतो. पण मोठ्या आतड्यात अडलं असेल तर उलटी फार उशिरा होते, कधी होतही नाही. येऊन-जाऊन कळा येत होत्या आणि आता दुखणं सतत झालं, पोटाला हात लावू देत नाही, ताप आला, नाडी जलद झाली, शौचातून रक्त गेलं, म्हातारं माणूस असंबद्ध बोलू लागलं : यांतलं एकही पुरेसं आहे. शौचाबरोबर लघवी अडली, पायांतली ताकद गेली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर मज्जातंतूंवर दाब असू शकतो, तीही तातडीच.

108 ला फोन करा. पाणीसुद्धा पाजू नका. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. शेवटचं शौच कधी झालं, गॅस कधी सरला, हे कागदावर लिहा आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर घ्या. ऑपरेशनची सोय असलेलं ठिकाण गाठा. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून पोचायला वेळ लागतो, तेव्हा तिथल्यांनी तर उजाडण्याची वाट पाहूच नये. रुग्णालयात बोटाने गुदद्वार तपासतात, पोटाचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढतात, सलाइन लावतात, नाकातून नळी घालून पोट रिकामं करतात. पीळ असेल तर बरेचदा दुर्बिणीने सोडवता येतो.

एक फसवी गोष्ट. खड्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि घरच्यांना जुलाब वाटतात. त्यावर जुलाब थांबवायची गोळी दिली की खडा आणखी घट्ट होतो.

सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळीत ट्रामाडॉल आहे का, हे पट्टीवर बघा; त्याने आतडं मंदावतं. लोहानेही मळ घट्ट होतो. दोन्ही बदलून मिळतात का, डॉक्टरांना विचारा. गॅस नीट सरत असताना इसबगोल चालेल, पण एका चमच्याला पूर्ण पेलाभर पाणी हवंच. कमी पाण्यात तेच घट्ट होऊन अडकतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात अंगातलं पाणी तसंही घामावाटे जातं.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाने बोरं बियांसकट गिळली. दोन दिवसांपासून शौचाला बसला की रडतो, थोडं रक्तही दिसलं. साबणाची कांडी लावू का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : नको. बिया गुदाशयात साठून एकमेकींत अडकतात, टोकं आतल्या अस्तराला टोचतात. कांडी किंवा बोट घातलं तर जखम वाढेल. आजच बालरोगतज्ज्ञ किंवा सर्जनला दाखवा; गरज पडल्यास भूल देऊन बिया काढतात. पोट फुगलं किंवा हिरवी उलटी झाली तर थेट अपघात विभागात न्या. भूल द्यावी लागू शकते, म्हणून निघण्याआधी काही खाऊ घालू नका आणि शेवटचं कधी खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.