अदलाबदल करताना आधी स्वतःची जागा बघ

अरे, परवा कोथरूडला माझ्या खोलीवर खेळताना तू काय केलंस आठव. डोटा २ या व्हिडिओ गेममध्ये व्हेंजफुल स्पिरिट ही नायिका घेतलीस, समोरच्याशी जागा बदलणारा तिचा नेदर स्वॅप दिसला की दाबलास. शत्रू आमच्यात आला खरा, पण त्याच्या जागी पाच जणांच्या तावडीत तू! चहा गार व्हायच्या आत खलास. ही अदलाबदल आहे, गळ टाकून मासा ओढणं नव्हे. म्हणून आधी शत्रू उभा आहे ती जागा बघ, कारण तिथे तूच जाणार आहेस. स्वॅप आपल्या माणसावरही चालतो, तेव्हा मरायचंच असेल तर निदान आपला मुख्य खेळाडू वाचवून मर.

‘जुजुत्सु काइसेन’ या जपानी अ‍ॅनिमेमधल्या तोदोकडून मात्र खरी गोष्ट शिक. तो टाळी वाजवतो आणि जागा बदलतात. पण कधी नुसतीच टाळी वाजवतो, काहीच बदलत नाही. समोरचा तरीही दचकतो. तूही स्वॅप राखून नुसता पुढे सरक, बघ कसे मागे हटतात.

‘वन पीस’ या दुसऱ्या अ‍ॅनिमेमधला लॉ आधी ‘रूम’ नावाचा घुमटासारखा गोल पसरतो, मग त्याच्या आतच अदलाबदल करतो. म्हणजे अंतराची मर्यादा. तुझं बोट अजून अंतर न बघताच दाबतं.