जुन्या इटालियन मोटारीचा पत्रा बदलावा का?

प्रश्न : अल्फा रोमिओ ८सी २९००बी या १९३०च्या दशकातील मोटारीवर 'तूरिंग' या बॉडी बांधणाऱ्या कार्यशाळेने घडवलेली बॉडी पूर्ववत करणे अवघड का मानतात? खराब पत्रा सरळ बदलून का टाकत नाहीत?

उत्तर : त्या काळी अशा मोटारींची चासी (चाके व इंजिन पेलणारा खालचा ढाचा) व इंजिन कारखाना देई आणि बॉडी बहुधा स्वतंत्र कार्यशाळा बांधत असे. मिलानमधील तूरिंगच्या 'सुपरलेजेरा' पद्धतीत बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा जोडून त्यावर हाताने ठोकून आकार दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला जाई. त्यामुळे वजन घटले. मात्र पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजू लागते, आणि ही झीज बाहेरून दिसेपर्यंत आतल्या नळ्याही अनेकदा गंजलेल्या असतात. सांगाडा दुरुस्त करायचा तर पत्रा उतरवावा लागतो, आणि उतरवताना तो ताणला जाण्याचा धोका असतो.

आठ सिलिंडर आणि दोन सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारी यंत्रे) असलेले २,९०५ घनसेंमी इंजिन, त्या मानाने, कुशल यंत्रकार पुन्हा उभे करू शकतो. पत्र्याचे तसे नाही. हातकामामुळे दोन बॉडी तंतोतंत सारख्या नसत, म्हणून दुसऱ्या गाडीवरून माप घेणे फसवे ठरते. फ्रान्समधील ल मां येथील १९३८च्या चोवीस तासांच्या शर्यतीत मोठ्या आघाडीनंतर बाद झालेली तूरिंगची कूपे (दोन दारांची, बंद छपराची मोटार) आज अल्फा रोमिओच्या आरेझे येथील संग्रहालयात आहे. अभ्यासासाठी ती उत्तम, साचा म्हणून नव्हे. आमच्या मते कुजलेला तेवढाच भाग कापून नवा तुकडा जोडावा आणि मूळ पत्र्याच्या आतल्या बाजूचे हातोडीचे ठसे घासून काढू नयेत.