उत्तरं जुळत नाहीत म्हणून रिपीटर बॅचचे पैसे भरू नका

तू लिहिलंयस की मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा देऊन आल्यावर फिजिक्सची उत्तरं मैत्रिणींशी ताडून बघितलीस, दहा-बारा जुळली नाहीत, क्लासच्या 'की'प्रमाणे, म्हणजे उत्तरसूचीप्रमाणे, मार्क फारच कमी येतायत आणि बाबा पुढच्या वर्षी परत परीक्षा देणाऱ्यांच्या रिपीटर बॅचला नाव घालायला निघालेत. वाचून राहवलं नाही. माझ्या लेकीचं २०२४ ला हेच झालं होतं. मी शिक्षक नाही, देवगडकडचा आंबेवाला आहे, तेव्हा नियमांसाठी त्या त्या वर्षाचं माहितीपत्रकच बघा. पण हे बाबांनाही वाचून दाखव.

आमचं केंद्र कोल्हापूरला होतं. परत येताना फोंडा घाट उतरेपर्यंत गाडीत चौघींचा एकच वाद. अणूवर दोन विधानं होती. पहिलं, अणूत धन आणि ऋण प्रभार सारखे, म्हणून तो उदासीन. दुसरं, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वर्णपट देतात. तिघी म्हणाल्या, दोन्ही बरोबर. आमची म्हणाली, युरेनियमचा अणू कुठे स्थिर असतो? दुसरं चूक. तिघींनी तिला वेड्यात काढलं. घरी आल्यावर ही ताटावर बसेना. माझी आई एवढंच म्हणाली, "पेपर दिलंस मा? आता गप जेव." माझ्या मते त्या आठवड्यात कोणी दिलेला तेवढा एकच सल्ला कामाचा होता.

कारण पुढे काय झालं बघ. जुन्या एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकात ते दुसरं विधान तसंच छापलेलं होतं, म्हणून परीक्षा घेणाऱ्या एनटीएने सुरुवातीला दोन्ही उत्तरांना मार्क दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तिघा तज्ज्ञांनी सांगितलं की उत्तर एकच, दुसरं विधान चूक. २६ जुलैच्या सुधारित निकालात बाकीच्यांचे चार मार्क गेले, वर एक निगेटिव्ह. ७२० पैकी ७२० वाले ६१ चे १७ झाले. गाडीतल्या बहुमताला काय अर्थ होता, सांग. त्यातून तिघी एकाच क्लासच्या, एकाच नोट्सवर वाढलेल्या. ते एकच मत तीनदा ऐकू आलं, एवढंच.

आता त्या क्लासबद्दल. नाव घेणार नाही, जिल्ह्यात असे बरेच आहेत. दुसऱ्याच दिवशी सगळ्या पोरांना हॉलमध्ये बसवलं. घाईघाईत सोडवलेली 'की' सर वाचून दाखवतायत, पोरं आठवून आठवून टिक करतायत, आणि शेवटी प्रत्येकाचा 'अंदाजे स्कोअर' सगळ्यांसमोर फळ्यावर. शेजारी आदल्या वर्षीचा कटऑफ, म्हणजे प्रवेश मिळालेला शेवटचा आकडा. त्याच हॉलच्या दारात टेबल: रिपीटर बॅच, रविवारपर्यंत सवलत. पोरगी रडत खाली उतरली, तिच्या आईने तिथेच पहिला हप्ता भरला. मी वाशीला माल घेऊन गेलो होतो, फोनवर 'भर' म्हणालो. आमच्या हातात तेव्हा दुसरं होतं तरी काय?

मेअखेरीस खरी उत्तरसूची आली. ओएमआरच्या, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेच्या, स्कॅनशी जुळवलं तर मार्क फळ्यावरच्या आकड्यापेक्षा बरेच वर. तिला फिजिओथेरपीला जागा मिळाली, तिला तेच हवं होतं. हप्ता मागायला गेलो तर "सर मीटिंगमध्ये आहेत." मग "अकाउंटवाले रजेवर." मग पावतीच्या मागच्या बाजूला बोट: भरलेली रक्कम परत मिळणार नाही. अक्षर एवढं बारीक की आमच्या आंब्याच्या पेटीवरचा शिक्का त्याहून ठळक असतो! पैसे गेले ते गेलेच. पण त्या फळ्यावरच्या आकड्याने पोरगी तीन आठवडे खोलीबाहेर आली नाही, त्याचा राग अजून जात नाही. सगळे क्लास असे नसतात, हे मान्य. तिला फिजिक्स शिकवणारे सर चांगलेच होते, ते त्या दिवशी हॉलमध्ये नव्हते.

तुझ्या दहा-बारा प्रश्नांचं म्हणशील तर मैत्रिणीचा पुस्तिकेचा कोड वेगळा असेल तर प्रश्नांचा क्रमही वेगळा, म्हणजे नंबरावरून ताडलेलं सगळं रद्द. 'चुकीचं विधान कोणतं' हे आठवताना 'बरोबर कोणतं' होतं, ही तर नेहमीची गंमत. आणि पुस्तिकेवर टिक केलेलं आणि ओएमआरवर काळं केलेलं एकच असेल असं नाही. एनटीए उत्तरसूचीबरोबर तुझी ओएमआर दाखवेल तेव्हाच हिशोब कर. एखादं उत्तर खरंच चुकीचं वाटलं तर हरकत घेता येते, आमच्या वेळी प्रश्नामागे २०० रुपये होते, परत न मिळणारे. मुदत मोजक्या दिवसांची असते, म्हणून ईमेल रोज बघ.

मागच्या वर्षीच्या कटऑफशी तुलना तर नकोच. २०२५ ला फिजिक्स इतकं अवघड निघालं की देशात पहिला आलेल्याला ६८६ होते. तुझ्या मार्कांचं काय होणार हे रँक आल्यावरच कळेल, आधी नाही.

आणि हो, ओरोस आणि रत्नागिरीला सरकारी मेडिकल झालंय, पण राज्याच्या कोट्यातून कुठेही जायचं तर कागद लागतात. डोमिसाईल, लागू असेल तर नॉन क्रिमीलेअर, जात वैधता. बाबांना पैसे घेऊन क्लासकडे जायच्याऐवजी तहसीलला पाठव, जात वैधतेसाठी जात पडताळणी समितीकडे. जूनमध्ये तहसीलला रांग असते आणि पावसात सर्व्हर डाऊन असतो.